ती चिठ्ठी वहिनींना देऊ नकोस

प्रिय बंडू,

तुझी सहा पानी चिठ्ठी दोनदा वाचली. वहिनींना देण्याआधी मला दाखवलीस ते बरं केलंस. त्यात खोटं काही नाही, पण सगळा वहिनींचाच पंचनामा आहे. तुझं स्वतःचं फारसं काही नाही.

स्वतःच्या नाशिकच्या बदलीची बातमी त्यांनी आधी त्यांच्या भावाला सांगितली, नवऱ्याला, म्हणजे तुला, रात्री जेवताना कळली. घडलं ते एवढंच. 'या घरात मला किंमत नाही' हे तू तुझ्या मनाशी म्हणालास. आल्बर्ट एलिस या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून जी उपचारपद्धत मांडली, तिचा गाभा हाच: माणूस घटनेपेक्षा, घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने जास्त बिथरतो. 'आधी मला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं' ही झाली इच्छा. 'सांगायलाच हवं होतं' हा हुकूम, आणि डोकं तिथे तापतं.

मला विचारशील तर त्या रागाखाली धास्ती आहे. वहिनी नाशिकला गेल्या की आई आणि पोराचं तुला एकट्याला झेपेल का? सहा पानांत हे एकदाही आलेलं नाही. चुकत असेन तर सांग.

म्हणून वहिनींचं बरोबर होतं असं नाही. 'मला आधी का नाही सांगितलंस?' हे जरूर विचार, पण तुला कसली धास्ती वाटते ते बोलून झाल्यावर. सुरुवात महत्त्वाची. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांची भांडणं चित्रित करून तपासली. लग्न पुढे टिकेल का, याचा अंदाज पहिल्या ३ मिनिटांवरून बांधता येतो, असं १९९९ च्या अभ्यासात त्यांना दिसलं. त्यांचाच सल्ला आहे की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की निदान २० मिनिटं थांबावं. त्या अवस्थेत समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही. आता थांबणं म्हणजे गच्चीवर जाऊन पुढचे मुद्दे घोकणं नव्हे. (वकिली सोडलीस, सवय काही सुटली नाही तुझी.) त्यापेक्षा भांडी घास.

आई झोपल्या की बोल, जेवताना नको. चिठ्ठी फाडू नकोस, तुझ्यापाशी राहू दे. रविवारी फोन कर. वहिनी काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांग, तुझी टिप्पणी नंतर.

आईंना नमस्कार.

तुझा,
मधू