बापू, वारीला निघण्याआधी

सातारा, होळी

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

सदुसष्टाव्या वर्षी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर झेपतील का, असं विचारलंस. किलोमीटरांचा घोर सोड. खरी परीक्षा पहाटे तीनला असते, ओलसर राहुटीत जमिनीवरून उठताना. म्हणून आजपासून रोज दहा वेळा सतरंजीवर बसून उठ. सुरुवातीला खुर्चीला धरलंस तरी चालेल.

माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे सव्वातीन महिने आहेत. आठवड्यातून चार दिवस, पाच किलोमीटरपासून सुरू कर. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा चाल. एका दिवसाच्या वीसवरून काहीच कळत नाही. शिवाय दिंडी सलग चालत नाही, थबकत चालते. कंबर धरते ती उभं राहून. सरावानंतर अर्धा तास नुसता उभा राहत जा.

बूट आत्ताच घे, आणि संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. मोजे सुती नकोत, ते ओल धरून बसतात आणि ओल्या कातडीलाच फोड येतात. तीन जोड ठेव, विसाव्याला बदल. मांड्या घासतात तिथे निघण्याआधीच व्हॅसलीन लाव.

तळव्याला चटका जाणवला की त्याच क्षणी बाजूला बस. 'पुढच्या विसाव्याला बघू' म्हणणाऱ्यांचेच फोड फुटतात. पाय पुसून कोरडा कर, कागदी चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून सुरकुती न पडू देता लाव. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून निघतो. फोडातून सुईने दोरा ओवून ठेवायची जुनी रीत तुला कुणीतरी नक्की सुचवेल. ऐकू नकोस, त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. तुला तर साखर आहे. फोड स्वतः फोडायचाच नाही, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला दाखवायचा. आणि रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे बघायचे.

पुणे–सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तिसेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट. घाट चढला म्हणजे झालं असं वाटतं, पण सासवड तिथून आणखी दोन तास. त्यात बहुधा वद्य एकादशी. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी, वर उपास आणि वर चढ, यात साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. त्या दिवशी उपास करू नकोस, विठोबा हिशेब मागत नाही. खिशात ग्लुकोजची पूड हवीच. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर चालण्याच्या दिवसांत तिचं काय करायचं, ते डॉक्टरांना आत्ताच विचार. मनाने बंद करू नकोस.

लघवीला जागा मिळत नाही म्हणून आपल्या वयाचे लोक पाणीच पीत नाहीत. मग पोटऱ्यांना गोळे येतात, लघवीला जळजळ होते. दर अर्ध्या तासाला चार घोट घे. दुपारी ओआरएसचं एक पाकीट, बरोबर एक लिटर पाण्यात. कमी पाण्यात घट्ट केलं तर उलट त्रास होतो.

बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, त्यावर दिंडीचा नंबर ठळक लिही. गर्दीत अडकून ट्रक कधी रात्री उशिरा येतो, म्हणून दोन दिवसांची औषधं, मेणकापड, लिटरभर पाणी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद खांद्यावरच्या पिशवीत. वाटेत गावोगाव चहा, केळी, लाडू हातात कोंबतात. नाही म्हणवत नाही. घे आणि मागच्याला दे. पोट बिघडतं ते याच प्रेमाने.

लोणंदपुढे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो. बघ जरूर, पण कडेला उभा राहून. एखादा टप्पा पाय नाही म्हणाले तर ट्रकमध्ये बस, वारी मोडत नाही. पंढरपुरात दर्शनबारी फार लांब असते. पुष्कळ वारकरी कळसाला हात जोडून परततात, तूही तसंच कर.

दिंडीचालकांना आत्ताच फोन करून भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, किती ते विचार आणि नाव घाल. तुझ्या गोळ्यांची यादी मला पाठव, वेळा लावून देतो.

तुझा,
नाना