काठ्यांना कळ्या आल्या आहेत

सावईवेरे, गोवा
वसंत पंचमी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर कालपासून डॉक्टरांनी लिहायला-वाचायला मोकळीक दिली, म्हणून पहिलं पत्र तुला. फोन होतोच आपला. पण फोनवर मी जेवलीस का, झोपलीस का आणि बाबांचं ब्लडप्रेशर यापलीकडे जात नाही. सांगायचं असतं ते राहून जातं.

परवा तू म्हणालीस, "आई, खिडकीबाहेर सगळं मेल्यासारखं दिसतं. झाडं म्हणजे नुसत्या काठ्या. एप्रिलपर्यंत असंच असतं म्हणे इथे." टोरोंटोतला तुझा हा पहिलाच हिवाळा. तू सहज बोलून गेलीस, पण ते माझ्या मनातून काही जाईना. कारण तू बोलत होतीस तेव्हा मी ओसरीवर बसून काठ्यांकडेच बघत होते.

विहिरीजवळच्या आंब्यावर बांधलेल्या त्या काठ्या तुला आठवत असतील. तू आठवीत होतीस. चोर्ल्याच्या घाटात पावसानं मोठी फांदी रस्त्यावर पडली होती आणि रस्ता मोकळा करणारी माणसं ती तोडून दरीत ढकलत होती. बाबांनी गाडी थांबवली आणि आमरी, म्हणजे ऑर्किड, चिकटलेला हातभर तुकडा मागून घेतला. घरी येईपर्यंत गाडीत ओल्या शेवाळाचा वास होता आणि तू तो तुकडा मांडीवरून खाली ठेवू दिला नाहीस. पडलेल्या फांदीवरची म्हणून आणली, हे मी कुणी विचारलं तर मुद्दाम सांगते. रानातल्या जिवंत झाडावरून आमरी ओरबाडून रस्त्याकडेला विकायला ठेवलेली दिसली की माझं डोकं तापतं. घेणाऱ्याच्या घरी ती बहुतेक वेळा वर्षभरही टिकत नाही आणि रानातली जागा मात्र कायमची रिकामी होते.

आपली ती डेंड्रोबियम बार्बाटुलम. सह्याद्रीचीच रहिवासी. पावसाळ्यात पानं येतात, काठ्या फुगतात. दिवाळी झाली की पानं पिवळी पडून एकेक गळतात आणि पौषात पाहावं तर वाळलेल्या सुरळ्यांसारख्या काठ्या नुसत्या लोंबत असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं ही तहानेनं मरते आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं मी तिला. महिन्याभरात बुडखे मऊ पडले, दाबलं की पाणी यायचं. सात काठ्यांतल्या चार कुजल्या. प्रेमानं घातलेल्या पाण्यानं त्या गेल्या, याचं मला फार लागलं होतं. तेव्हा तू माझ्याजवळ येऊन बसली होतीस, काही न बोलता.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की ती काठी म्हणजे तिची घागर. पावसाळ्यात पाणी आणि अन्न त्यात भरून ठेवायचं, पानं टाकून खर्च कमी करायचा आणि उरलेल्या साठ्यावर फुलं काढायची. मुळांवर पांढरा, स्पंजासारखा थर असतो. कोरडा असला की चंदेरी दिसतो. पाणी पडलं की बघता बघता हिरवा होतो, कारण ओल्या थरातून आतलं हिरवं दिसायला लागतं. पहाटेचं दवसुद्धा ती त्या थरात धरून ठेवते. मार्गशीर्षापासून कळ्या दिसेपर्यंत तिला माझी गरजच नसते. माझ्यासारख्या बाईला हे शिकायला चार वर्षं लागली.

यंदा झारी बाबांच्या हातात होती, कारण मला वाकायला बंदी. आबोली, मोगरा, मिरवेल सगळ्यांना त्यांनी नीट पाणी घातलं, पण आंब्याखाली आले की रोज विचारायचे, "हिला थोडं शिंपडू का गं? अगदी सुकलीय." मी ओसरीवरून नको म्हणायचे. एकवीस दिवस हेच चाललं. बाविसाव्या दिवशी त्यांनी झारी खाली ठेवून मला हाक मारली. तीन काठ्यांच्या शेंड्याला मोहरीएवढे हिरवे ठिपके होते. आता ते शेंगदाण्याएवढे झालेत आणि पांढरे दिसायला लागलेत.

आणि इथेच तुला एक गोष्ट सांगायची आहे. माझा उजवा डोळा झाला, डाव्याचं ऑपरेशन शिगमो झाल्यावर. सध्या माझे दोन डोळे दोन वेगळी जगं दाखवतात. डावा झाकून बघितलं तर त्या कळ्या दुधासारख्या पांढऱ्या. उजवा झाकला तर त्याच कळ्या पिवळट, जुन्या वहीच्या पानासारख्या. मोतीबिंदू भिंगाला हळूहळू पिवळं करत नेतो, इतकं हळू की आपल्याला पत्ता लागत नाही. तू म्हणायचीस फूल पांढरं आहे, मी म्हणायचे सायीच्या रंगाचं. किती वेळा वाद घातला आपण. तुझंच बरोबर होतं, बाय. काल मी कितीतरी वेळ एक डोळा झाकत, दुसरा उघडत तिथे उभी होते. शेवटी बाबा येऊन मला आत घेऊन गेले.

आता तुझ्या कुंडीतल्या आमरीचं, फॅलेनॉप्सिसचं. फुलं गळली म्हणून टाकून देऊ का, असं विचारलंस. मुळीच टाकू नकोस. पानं ताठ आहेत ना? मग झाड ठणठणीत आहे, फुलून दमलंय इतकंच. दांडा हिरवा असला तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या जरा वर काप, कधीकधी तिथूनच नवी फांदी फुटते. तपकिरी पडून वाळला असेल तर मुळाशी काप. कात्री आधी स्पिरिटनं पूस. पाणी वार बघून घालू नकोस, मुळं बघून घाल. चंदेरी झाली की सिंकमध्ये नेऊन भरपूर पाणी दे, सगळं निथळू दे, मग जागेवर ठेव. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कागदानं टिपून घे, तिथूनच ते कुजतं. कुणी म्हणालं बर्फाचा खडा ठेव, तर ऐकू नकोस. उष्ण प्रदेशातलं झाड आहे ते, त्याच्या मुळांशी बर्फ कशाला?

हीटरमुळे तुझ्या खोलीतली हवा कोरडी असणार. ताटलीत खडे घाल, खड्यांच्या खाली राहील इतकंच पाणी ओत आणि कुंडी खड्यांवर ठेव. गार काचेला पान टेकू देऊ नकोस. पण रात्रीचा जरासा गारवा त्याला हवाच असतो. रात्री 16 ते 18 अंशांपर्यंत काही आठवडे उतरल्या की नवा दांडा निघण्याची शक्यता वाढते. इथे गोव्यात मला तो कधी जमला नाही, रात्रीही उकडतं. तुझ्या खिडकीत तो फुकट आहे.

वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, वाचायचंही नाही, मग या दिवसांत मी केलं काय, तर ऐकलं. दुपारी जेवणं आटोपली की बाबा आरामखुर्ची राजांगणात तुळशीच्या बाजूला ओढून घ्यायचे आणि वाचून दाखवायचे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज मी इतका वेळ सलग कधी ऐकला नव्हता. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन ते टिपणं काढून आणायचे. 1832 सालापासूनचं ते ग्रंथालय, लहानपणी तुला तिथे नेलं होतं.

त्यांनी 'हॉर्टस मलबारिकस'बद्दल वाचून दाखवलं. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानं कोचीत बसून तिथल्या वनस्पतींची चित्रं आणि माहिती गोळा करवली आणि 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापून निघाले. लॅटिनमध्ये. झाडांवर वाढणाऱ्या आमरी बाराव्या खंडात आहेत, आपली सीतेची वेणीसुद्धा. ज्येष्ठात आपल्या फणसावरून कोल्ह्याच्या शेपटीसारखी लोंबते ती. आसामात तिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला मुली केसांत माळतात, हे मला माहीत होतं. पण पुढचं माहीत नव्हतं. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांनी झाडांची माहिती दिली, आणि त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट असे तीन कोकणी ब्राह्मण होते. गोव्याहून खाली गेलेल्या आपल्याच समाजातले. त्यांनी 1675 साली लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी अक्षरांत तसाच छापला आहे, कोकणीत.

वाचायची परवानगी मिळाल्यावर मी पहिल्यांदा ते पान टॅबवर मोठं करून बघितलं. लॅटिनच्या गर्दीत आपली अक्षरं! काही वळणं मोडीकडे झुकणारी, काही शब्द सरळ लागले, काहींपाशी बाबा आणि मी दोघंही अडलो. मला सारखं वाटत राहिलं की ही माणसं घर सोडून गेलेली, तरी परमुलखात बसून रोज सकाळी कुठल्यातरी झाडाबद्दल बोलत, लिहीत होती. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं देऊन हे बारा खंड इंग्रजीत आणले, 2003 साली केरळ विद्यापीठानं ते काढले. तुझ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत असतील तर बारावा खंड मागून बघ. चित्रं बघताना मला फोन कर, तिकडे कितीही वाजलेले असोत.

आणि बर्फाखाली सगळं मेलेलं नाही, याची खात्री मी तुला देते. तुझ्याच ओंटारियोत रानटी आमरी आहेत. ब्रूस द्वीपकल्प त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे सिप्रिपेडियम म्हणून एक जमिनीवरची आमरी आहे, फुलाचा आकार पिवळ्या सपातेसारखा. हिवाळ्यात तिचं वर काहीही दिसत नाही. मुळं आणि पुढच्या वर्षीचा कोंब बर्फाखाली मातीत असतो. मेअखेर ते जून या दिवसांत ती फुलते. आपल्याकडच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या माळावर, हेच उलट चालतं. आत्ता सड्यावर जाशील तर जांभा नुसता भाजलेला, गवत वाळून राख झालेलं. पण त्या फटींतल्या चिमूटभर मातीत हॅबेनेरिया या आमरीचे कंद आहेत. मृगाचा पाऊस पडला की एकेक पान जमिनीला चिकटून उघडतं आणि आषाढात पांढरी फुलं. तुझीवर बर्फ आहे, माझीवर ऊन आहे.

आमरीचं बी धुळीसारखं असतं, सोबत अन्नाचा साठा नसतोच. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून जूनमध्ये मैत्रिणींबरोबर जाशील तेव्हा पायवाट सोडू नकोस. नुसती बघून ये.

इथे वसंत आला म्हणायला हरकत नाही, पंचांग काहीही म्हणो. आंब्याला मोहर आहे, पण परवा धुकं पडलं आणि बाबा काळजीत आहेत. काजूच्या फुलांचा वास संध्याकाळी अंगणापर्यंत येतो. सुरंगीला अजून वेळ आहे. बाजारात पहिली वेणी आली की तुझ्या फोटोसमोर नाही, तुझ्या कपाटातल्या साडीच्या घडीत ठेवीन, दरवर्षीसारखी. वास टिकतो.

कुळागरातल्या पोफळीवर चढलेल्या व्हॅनिलाला यंदा कळ्या येतील असं वाटतंय. तीही आमरीच. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं, तेवढ्या वेळात आपल्या हातानं पराग लावावा लागतो, कारण तिच्या मूळ देशातली मधमाशी इथे नाही. ही युक्ती 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. आजही सगळीकडे जवळजवळ तशीच करतात. मी माडाच्या हिराची बारीक काडी वापरते. मधला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं हलकं दाबायचं. एका डोळ्यावर मला यंदा नेम साधेल असं वाटत नाही, म्हणून बाबांना शिकवते आहे. सध्या ते जास्वंदीच्या फुलावर सराव करतात.

तुझ्या झाडाकडे रोज बघ. नवीन टोक निघालं तर ते गोल, गुळगुळीत आहे की चपटं, अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, एवढं नीट पाहा. गोल म्हणजे मूळ. हातमोज्यासारखं म्हणजे फुलाचा दांडा. तुला फरक कळला नाही तर फोटो पाठव, जवळून, उजेडात. मी उजव्या डोळ्यानं बघून सांगीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. कोकमं आणि खारवलेल्या मिरच्या पुढच्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, पत्र पोचेपर्यंत काठ्यांवर फुलं उमललेली असतील. मी म्हणते अजून आठवडा लागेल. उमलली की त्याच दिवशी कळवते.