शास्त्रज्ञाचेही सोंग काढून पाहावे

महोदय,

जागतिक आदिवासी दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आदिवासी पाड्यांवरील संशोधनाबद्दल आलेला लेख वाचला. संमतीपत्रे, नैतिकता समित्या हे सगळे त्यात आहे. संशोधक पाड्यावर येतो तेव्हा समोरच्याला तो कसा दिसतो, एवढेच राहून गेले.

मोखाडा तालुक्यात मी सव्वीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. एका वर्षी कुपोषणाच्या पाहणीला शहरातून मंडळी आली. भाषेसाठी त्यांनी मला बरोबर घेतले. मुलांच्या दंडाचे माप, बोटाचे रक्त, मग आयाबायांना प्रश्न. अहवाल आम्हाला कधी दिसला नाही. पुढच्या शिमग्याला पोरांनी त्या पाहणीचेच सोंग काढले. एक बाप्या डॉक्टरीणबाई झाला होता: उलटा घातलेला पांढरा सदरा, बहिणीची लाली, गॉगल, खांद्याला पर्स. त्या पर्समधून तो अंगठ्यासाठी शाईचे पॅड शोधतोय, आणि ते काही केल्या सापडत नाही. समोर लुगडे नेसून म्हातारी झालेला दुसरा बाप्या भात किती झाला, लेक-जावई वीटभट्टीवर कधी गेले, रेशनला काय मिळाले, हे सगळे हातवारे करून सांगतोय. शेजारी खिशाला दोन पेने लावलेला तिसरा. तो शेवटी एवढेच म्हणतो, “मॅडम, ती नाही म्हणते.” लोक हसून लोळले. दोन पेने लावणारा माणूस त्या पाड्यावर एकच होता, आणि तो पहिल्या रांगेत बसला होता.

पुरुषाने असे बाईचे सोंग आणण्याला परदेशात ‘ड्रॅग’ म्हणतात. त्या शब्दाला नाक मुरडायचे आपल्याला कारण नाही. बालगंधर्वांचे शालू बघून आपल्याकडच्या बायका नटायला शिकल्या, आणि आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाच्या उत्सवात, सरस्वतीचा मुखवटा चढवून नाचतो तो पुरुषच. कॅनडातले क्री आदिवासी चित्रकार केंट मंकमन यांनी तर ‘मिस चीफ’ नावाचे स्त्रीरूपच घेतले आहे. जॉर्ज कॅटलिनसारखे गोरे चित्रकार १८३०च्या दशकात आदिवासींना ‘नोंदवून’ ठेवत हिंडले. २००५ मध्ये इंग्लंडमधील काँप्टन व्हर्नी येथे मिस चीफने उलट युरोपियन पुरुषांनाच नमुने म्हणून अभ्यासाला घेतले. उंच टाचांच्या बुटातली आदिवासी बाई गोऱ्याचे वर्गीकरण करू लागली की वर्गीकरण करणाऱ्याचा आवच उघडा पडतो.

हा आव संमतीपत्रात दिसत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. संमतीपत्र तिथेही होते. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर देऊन आणि उरलेले नमुने परत करून प्रकरण मिटवले. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये २००९ साली एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. म्हणजे पुन्हा आमचेच भाऊबंद, दोन पेनेवाले.

म्हणून माझी एक सूचना आहे. पाहणीला येणाऱ्या प्रत्येक पथकाने पहिली संध्याकाळ पाड्यावर सोंगासाठी द्यावी. संशोधकाचे सोंग पाड्यातल्या लोकांनी आणावे; संशोधकाला आणायचेच असेल तर त्याने स्वतःचे आणावे, कोट, इंग्रजी, घाई, सगळे वाढवून. आदिवासीचे मात्र आणू नये. स्नेहसंमेलनात पोरांना पानांचे घागरे गुंडाळून ‘आदिवासी नृत्य’ बसवणाऱ्या शाळा मी खूप पाहिल्या. एकदा मीही बसवले होते. सोंग वरच्याचे असेल तरच त्याला धार येते, खालच्याचे ते नुसते वाकुल्या दाखवणे.

यावर कोणी म्हणेल, विज्ञानाची टिंगल होईल. होऊ द्या. दंडाचे माप त्याने सेंटिमीटरभरही चुकणार नाही. प्रश्नावलीतला कोणता प्रश्न ऐकून बाया तोंडाला पदर लावतात, ते मात्र पहिल्याच रात्री कळेल.

त्या पाहणीत खरी म्हातारी पाचेक मिनिटे बोलत होती. “नाही म्हणते” एवढे मी सांगितले आणि फॉर्मवर तेवढेच उतरले. काय बोलली, ते आज मलाही आठवत नाही.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, मोखाडा (जि. पालघर)