शिडी काढून घेतल्यावर पदावनती कसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) पदावनती, म्हणजे गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेल्या संघाने खालच्या श्रेणीत जाण्याची पद्धत, सुरू करावी की नाही यावर क्रीडा पानांतून अधूनमधून वाद झडतो. पदावनती आली तर सामन्यांत चुरस येईल, असे एका बाजूचे म्हणणे असते. ती आली तर पैसा घालणारे मालक काढता पाय घेतील, असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद वाचताना मला दर वेळी एका गोष्टीचे नवल वाटते. आपल्या देशात, आयएसएलच्या आधी फुटबॉलची अव्वल स्पर्धा असलेल्या आय-लीगमध्ये, पदावनती होती, ती प्रत्यक्ष राबवली जात होती आणि तिचा सर्वांत मोठा घाव ज्या क्लबला बसला तो आपल्या पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब होता, याची आठवण दोन्ही बाजूंना राहिलेली दिसत नाही. २०१४-१५ च्या त्या मोसमाचा एक साक्षीदार म्हणून हे पत्र लिहीत आहे. काहीसे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

धेंपो काय होता हे गोव्यातल्या जुन्या वाचकांना सांगावे लागणार नाही, परंतु ज्यांचे फुटबॉल २०१४ नंतर सुरू झाले त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचे २००४-०५ आणि २००६-०७ या मोसमांचे आणि आय-लीगचे २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ या मोसमांचे, अशी एकूण पाच विजेतेपदे या क्लबने मिळवली होती, आणि २०१५ पर्यंत इतकी विजेतेपदे देशातील दुसऱ्या कोणत्याही क्लबच्या नावावर नव्हती. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघात समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारखे गोव्याच्या मातीतले खेळाडू होते आणि त्यांच्या पुढे बेटो आणि रँटी मार्टिन्स हे परदेशी खेळाडू होते. डिसेंबर २००४ मध्ये बेंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून आमचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावरच कोसळला आणि गेला. त्यानंतर सुतकातल्यासारखा वावरणाऱ्या त्या संघाने त्याच मोसमात लीगही जिंकली. २००८ मध्ये हाच क्लब एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. असा क्लब खाली घसरू शकतो, हे आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

घसरण एका दिवसात झाली नाही, हेही खरे आहे. २०११-१२ मध्ये ३२ गोल करून विजेतेपद मिळवून देणारा रँटी कोलकात्याला गेला, नंतर कुलासोही गेले आणि क्लबने तरुण खेळाडूंवर भिस्त ठेवायचे ठरवले. मला ते धोरण तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. परंतु २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आयएसएल सुरू झाली आणि सगळे गणितच बदलले. आयएसएलमधल्या एफसी गोवाच्या मालकीत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांचा वाटा होता, त्यामुळे मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, क्लिफर्ड मिरांडा अशी धेंपोची घडवलेली पोरे ब्राझिलियन प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली एफसी गोवाच्या जर्सीत उतरली. धेंपोचे प्रशिक्षक आर्थर पापास हेही झिकोचे सहायक म्हणून तिकडेच गेले. फातोर्डाचे स्टेडियम तुडुंब भरले, मीही त्या गर्दीत होतो आणि उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरल्याचे दुःख मलाही झाले. मात्र डिसेंबरच्या मध्यावर तो मांडव उतरला, आणि महिना संपायच्या आत त्याच दमलेल्या पोरांना धेंपोची जर्सी घालून, ट्रेव्हर मॉर्गन या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली फेडरेशन चषकात उतरावे लागले.

तरीही ती पोरे अंतिम फेरीत पोचली. ११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्डाला बेंगळुरू एफसीकडून धेंपो २-१ असा हरला. आमचा गोल तोल्गाय ओझबेयने केला होता. सामना संपल्यावर बाहेर पडताना आमच्यातला एक वयस्क गृहस्थ म्हणाला होता की चषक गेला तरी हरकत नाही, संघ जमून आला आहे, लीगमध्ये पहिल्या तिघांत नक्की येईल. त्यानंतर आठवड्याच्या आत आय-लीग सुरू झाली आणि मे अखेरीस तोच संघ अकरा संघांत दहावा येऊन द्वितीय श्रेणीत गेला. उपविजेतेपद आणि पदावनती यांत जेमतेम साडेचार महिन्यांचे अंतर होते. फेब्रुवारीत रोमिओ ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे गेला. गोव्याच्या पोराने ब्राझीलमध्ये खेळावे याचा अभिमान वाटला, मात्र त्याची उणीव इथे भरून निघाली नाही. पुढे घडले ते असे की सामने हरण्यापेक्षा बरोबरीत सोडवण्याचीच सवय लागली, आघाडी घेतल्यावर ती टिकवता येईना, आणि पुढच्या आठवड्यात सावरू, पुढच्या आठवड्यात सावरू असे म्हणता म्हणता आठवडेच संपले. स्टेडियमवर तेव्हा आम्ही शेकड्यांनी असू. ज्या बाकांवर तीन महिन्यांपूर्वी जागा मिळत नव्हती, त्यांवर पाय पसरून बसण्याइतकी मोकळी जागा होती, आणि समोर खेळणारी पोरे बरीचशी तीच होती. गोव्याचे लोक फुटबॉलवेडे आहेत असे आपण फार अभिमानाने सांगतो, म्हणून हे नमूद करतो.

आता मुद्द्याचे. त्या मोसमात धेंपो दहावा होता, तर अकरावा, म्हणजे शेवटचा, पुण्याचा भारत एफसी होता. नियमाप्रमाणे शेवटचा खाली जायला हवा. परंतु भारत एफसीने पैसे भरून थेट, म्हणजे खालच्या श्रेणीतून खेळत न येता, प्रवेश घेतलेला असल्याने त्याला पदावनतीतून सूट होती, आणि शिक्षा त्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याला झाली. सूट मिळालेला तो क्लब पुढच्या मोसमात मैदानावर आलाच नाही. एकाच हंगामात त्याने गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, याचीच पुनरावृत्ती झाली. तळाशी पुन्हा पुण्याचाच थेट प्रवेशाचा संघ, डीएसके शिवाजियन्स, राहिला आणि त्याच्या वरचा मिझोरामचा ऐझॉल एफसी खाली गेला. पुण्याच्या खेळाडूंविषयी वा प्रेक्षकांविषयी माझ्या मनात काही नाही, त्यांचे नशीबही शेवटी आमच्याहून बरे निघाले नाही. परंतु पैसे भरून आलेल्याला जिना उतरण्याची सक्ती नाही आणि खेळून वर आलेल्याला आहे, हा न्याय तेव्हाही गळी उतरला नव्हता.

असे असूनही, धेंपोच्या चाहत्यांनी पदावनती रद्द करा अशी मागणी केल्याचे मला आठवत नाही. दहावे आलो ते आपल्या खेळाने आलो, नववे आलो असतो तर प्रश्नच नव्हता, असेच आम्ही एकमेकांना सांगत होतो. क्लबनेही रडगाणे न गाता द्वितीय श्रेणीत संघ उतरवला आणि २०१५-१६ मध्ये ती श्रेणी जिंकून एका वर्षात वर येण्याचा हक्क मिळवला. पदावनतीचा अर्थ माझ्या मते हाच आहे. पडलेल्याने अंगावरची धूळ झटकावी, लहान मैदानांवर, लहान गावांत जाऊन खेळावे, आणि पात्रता सिद्ध करून परत यावे. क्लबला त्याने मरण येत नाही.

मरण आले ते नंतर. २०१६ च्या मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला, ज्यात आयएसएल सर्वांत वर, तिच्याखाली आय-लीग, आणि या दोहोंमध्ये जाण्यायेण्याचा रस्ता नाही, अशी मांडणी होती. याचा अर्थ असा की मोहन बागान असो वा धेंपो, आय-लीग जिंकली तरी तो दुसऱ्याच दर्जाचा विजेता, आणि पहिल्या दर्जात जायचे तर मैदान उपयोगाचे नाही, तिजोरी हवी. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्याच क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, आणि त्यांच्यामागोमाग धेंपोनेही, जिंकून मिळवलेली जागा न घेताच, अंग काढून घेतले. मालकांनी घाई केली असे मला तेव्हा वाटले होते आणि काही अंशी आजही वाटते, कारण क्लब ही शेवटी गावाचीही ठेव असते. तरी एक वर्ष घाम गाळून ज्या माडीवर चढायचे ती माडीच तळमजला म्हणून जाहीर झाल्यावर त्यांनी काय करायला हवे होते, याचे नेमके उत्तर माझ्यापाशी नाही.

त्या माघारीचे पुढे काय झाले पाहा. गोव्याचे क्लब गेल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर, पदावनत झालेल्या ऐझॉलला परत बोलावले गेले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत, प्रशिक्षक खालिद जमील यांच्या त्याच ऐझॉलने आय-लीग जिंकली. द्वितीय श्रेणीत धेंपोच्या मागे दुसरा आलेला पंजाबचा मिनर्व्हा २०१७-१८ चा आय-लीग विजेता झाला. म्हणजे धेंपोबरोबर पायरीवर उभे असलेले दोघेही लागोपाठच्या दोन वर्षी शिखरावर पोचले. धेंपो असता तर तोच जिंकला असता, असा दावा मी करणार नाही; खेळात असे दावे करू नयेत. परंतु खालच्या श्रेणीत खेळलेले क्लब काय करू शकतात, याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही. आणि ज्या मोसमात ऐझॉल जिंकला त्याच मोसमात खालिद जमील यांचा जुना क्लब मुंबई एफसी तळाला जाऊन पदावनत झाला आणि पुन्हा उभाच राहिला नाही. कारण तोवर परत येऊन पोचायचे कुठे, हेच कोणी सांगू शकत नव्हते.

आशियाई फुटबॉल महासंघाच्या २०१९ च्या आराखड्याने आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचे दार उघडले, आणि त्या वाटेने पंजाब एफसी आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले, हे मान्य केले पाहिजे. त्याच आराखड्यात २०२४-२५ पासून पदावनतीही सुरू व्हायची होती. ती झाली नाही. मोहम्मेडन शेवटचा आला आणि आहे तिथेच राहिला. त्याच मोसमात आय-लीगचा विजेता चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हे मैदानावर न ठरता स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात जुलै महिन्यात ठरले. आपला धेंपो मात्र आय-लीग टू, म्हणजे आय-लीगच्या खालच्या श्रेणीतून, दुसऱ्या क्रमांकाने का होईना, वर चढून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, आणि त्याचा प्रशिक्षक होता समीर नाईक, म्हणजे त्या विजेत्या संघाचाच बचावपटू. या परतीला आठ वर्षे उशीर झाला होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की आयएसएलमध्ये पदावनती आणायची असेल तर ती सर्वांना सारखी असावी, कोणालाही पैशाच्या जोरावर सूट नसावी, आणि खाली जाणाऱ्याला ज्या श्रेणीत पाठवायचे ती श्रेणी जिवंत असावी. तिचे सामने वेळापत्रकाप्रमाणे व्हावेत, तिचा विजेता मैदानावर ठरावा, आणि तिच्यातून वर येणाऱ्याला उद्या नियम बदलला म्हणून दारातून परत फिरावे लागू नये. यातले काही करायची तयारी नसेल तर पदावनतीचा विचार महासंघाने खुशाल सोडून द्यावा.

जाता जाता एक विनंती आपल्याकडे. धेंपो द्वितीय श्रेणीत खेळत होता त्या वर्षी त्याच्या सामन्यांचे निकाल शोधताना मला वृत्तपत्राच्या क्रीडा पानावर तळाशी दोन ओळी सापडत, कधी त्याही सापडत नसत. आपल्या दैनिकात युरोपातील लीगांचे गुणतक्ते नियमाने येतात आणि ते मीही वाचतो. त्यांच्या शेजारी आयएसएलखालच्या दोन्ही श्रेणींचा पूर्ण गुणतक्ता, शेवटच्या क्रमांकापर्यंत, दर सोमवारी छापावा. फार जागा लागणार नाही.

आपला नम्र,
एक जुना फुटबॉलप्रेमी वाचक,
फोंडा, गोवा