दादा गेल्यानंतरचं वाचन

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी फोनवरच हे बोलायचं मनात होतं, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

दादाला माती देऊन आलो त्या रात्री मी तुला म्हणालो होतो, "एवढ्या प्रार्थना केल्यास, काय झालं त्यांचं?" तू काही बोलली नाहीस. बाबांनी मांडीवरचं शास्त्र, आपलं बायबल, मिटलं आणि दिवा मालवला. तीन वर्षं झाली, ते मिटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

उत्तर शोधायला मी पुस्तकांकडे गेलो. तत्त्वज्ञान वाचलं, मानसशास्त्र वाचलं, समुपदेशकाकडेही जाऊन आलो. त्याचा उपयोग झाला, हे कबूल करायलाच हवं. झोप परत आली, कामात लक्ष लागू लागलं. पण सकाळी उठायचं ते कशासाठी, हे त्यातलं कुणी सांगेना.

मग त्याच शास्त्रातला 'उपदेशक' हा ग्रंथ उघडला. लहानपणी तो मला कंटाळलेल्या म्हाताऱ्याची कुरकुर वाटायचा. या माणसानं घरं बांधली, द्राक्षमळे लावले, तळी खोदली, सोनं-रुपं साठवलं, गाणारे ठेवले, ज्ञानही भरपूर मिळवलं. ज्ञानाला तो वाईट म्हणत नाही. अंधारापेक्षा उजेड बरा, तसं मूर्खपणापेक्षा शहाणपण बरं, असंच त्याचं म्हणणं. पण लगेच पुढे सांगतो, गत दोघांची एकच. आपला दादा शहाणा होता. गाडी किती सावकाश चालवायचा!

तुम्ही आम्हा दोघांना दौंडकडच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतंत. तेव्हा माझं सगळं लक्ष खेळण्यात होतं. रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांनी लिहिलेली आपल्या विश्वासाची कहाणी, मी आत्ता कुठे वाचली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटलं, १८८३ मध्ये इंग्लंडात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषी! तरी विद्या त्यांनी टाकली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना वाचता यावं म्हणून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत उतरवलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. पुढे नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या स्वतः गेल्या, आणि तोवर भाषांतर पुरं झालेलं होतं. आई, ते महिने त्यांनी कसे काढले असतील, हे तुझ्याइतकं मला कळणार नाही.

प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की ग्रीक ज्ञान शोधतात, आम्ही वधस्तंभावरचा ख्रिस्त गाजवतो. रविवारच्या शाळेपासून हे मला पाठ आहे. पण त्याच वधस्तंभावरून येशूनंही 'का' असं विचारलं होतं, आणि त्या घटकेला वरून उत्तर आल्याचं कुठल्याही शुभवर्तमानात, येशूच्या चारही चरित्रांत, नाही, याकडे इतक्या वर्षांत माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. लक्ष गेलं त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी गुडघे टेकले. दादा का गेला ते अजून कळलेलं नाही. प्रार्थना मात्र रोज होते.

बाबा, उपदेशकाचा बारावा अध्याय वाचताना तुम्हीच डोळ्यांसमोर येता. घर राखणारे हात थरथरू लागतात, दळणाऱ्या दाढा थोड्या उरतात, खिडकीतून पाहणाऱ्या डोळ्यांना अंधुक दिसतं. मागच्या खेपेला चहा सांडू नये म्हणून तुम्ही बशी दोन्ही हातांनी धरली होती. आणि रात्री भिंग घेऊन, ओळीखाली बोट सरकवत वाचत होता.

मी शनिवारी येतोय. मोतीबिंदूसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रात्रीचा अध्याय मी वाचीन, तुमच्या कानाशी बसून, मोठ्यानं. आणि आई, त्या रात्री जे बोललो त्याची माफी मला पत्रातून मागायची नाही, तुझ्यासमोर बसून मागायची आहे.

तुमचा,
धाकटा