डबी गडग्यात ठेवावी, तटात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी हर्णै येथे जिओकॅचिंगचा छंद असणाऱ्या दहा-बारा मंडळींचा मेळावा झाला आणि भाच्याच्या आग्रहाखातर मीही त्यात सामील झालो. कोणीतरी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशांवरून हुडकायची, आतल्या कागदावर आपले नाव व तारीख लिहायची आणि ती होती तशी जागच्या जागी ठेवायची, असा हा खेळ आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये या खेळातली पहिली डबी ठेवली गेली.

सकाळी गोवा किल्ला आणि दीपगृहाचा कनकदुर्ग पाहून आम्ही होडीने सुवर्णदुर्गावर गेलो. १७५५ मध्ये पेशव्यांच्या साथीने इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला हा किल्ला मी पूर्वीही पाहिला होता, परंतु महादरवाजाच्या पायरीवर कोरलेल्या कासवाजवळ मी या वेळी प्रथमच खाली बसलो. खुणा शोधायची सवय लागली की नजर अशी खाली वळते, हे या खेळाचे श्रेय मान्य केले पाहिजे.

मात्र पुढे एका सदस्याने तटातल्या दोन चिऱ्यांमधली फट दाखवून येथे डबी छान बसेल असे सुचवले, तेव्हा मला हरकत घ्यावी लागली. उंच दगडी भिंतीवर आपटून जीपीएसचे संकेत परततात, त्यामुळे तटाच्या पोटाशी मोबाइलवरचा बिंदू सारखा इकडेतिकडे सरकत होता. म्हणजे डबी एका फटीत असली तरी शोधणारा आसपासची प्रत्येक फट चाचपणार, सैल चिपा काढून पाहणार, आणि त्याच्यानंतर येणाराही तेच करणार. सुवर्णदुर्ग हे १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालील संरक्षित स्मारक असून, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. शिवाय जागेच्या मालकाच्या परवानगीविना डबी ठेवू नये, हा तर या खेळाचाच नियम आहे.

यातून मार्ग त्याच खेळात आहे. महादरवाजाच्या पायऱ्या, आतली टाकी किंवा बुरूज मोजून आकडे मिळवावेत आणि त्यांतून अखेरच्या जागेचे अक्षांश-रेखांश निघावेत. प्रत्यक्ष डबी मात्र किनाऱ्यावर, एखाद्या आगराच्या गडग्यात, म्हणजे बागेभोवतीच्या दगडी कुंपणात, मालकाला विचारून ठेवावी (फुरसे या विषारी सापाचा विचार करून जरा उंचावर ठेवलेली बरी). यामुळे किल्ला नीट पाहिल्याशिवाय डबी सापडणार नाही आणि किल्ल्याचा एकही चिरा हलणार नाही.

त्या दिवशी माझ्या बोलण्याचा मान राखून डबी खिशातच परत आली. पुढच्या मेळाव्यापूर्वी संयोजकांनी हा बदल लेखी स्वरूपात सर्वांना कळवावा, एवढीच विनंती आहे. जागेची अडचण असल्यास आमच्या आगराचा गडगा त्यासाठी उपलब्ध आहे.

आपला,
एक वाचक, ता. दापोली