तडजोडीची लाज कशाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संविधान दिनानिमित्त आमच्या अंबाजोगाईत झालेल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी मोठ्या आवेशाने सांगितले की, घटनाकारांनी कुणाशीही तडजोड केली नाही, म्हणूनच आपली राज्यघटना एवढी वर्षे टिकली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली नववी-दहावीची मुले ते वाक्य वहीत उतरवून घेत होती आणि ते पाहूनच हे पत्र लिहावेसे वाटले. सारी नोकरी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे माझी समजूत नेमकी उलट झाली आहे. घटना समितीच्या सभासदांनी पदोपदी तडजोड केली, कुणी काय सोडले याची शब्दशः नोंद ठेवली आणि त्या देवाणघेवाणीच्या खुणा आजही कलमाकलमांत दिसतात.

आपल्याकडे तडजोड म्हटली की बांधाच्या भांडणातली मिटवामिटवी डोळ्यांसमोर येते, त्यामुळे वक्त्यांचा फार दोष नाही. मात्र समितीची सुरुवातच एका थांबण्याने झाली होती. ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिली बैठक भरली तेव्हा मुस्लिम लीगचे सभासद आलेले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव मांडला, बॅ. मु. रा. जयकरांनी, गैरहजर असलेल्यांसाठी ठराव काही काळ लांबणीवर टाकावा, अशी सूचना केली आणि ती काँग्रेसच्या बाकांना मुळीच रुचली नाही. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनीही थांबण्याच्याच बाजूने कौल दिला. अखेर ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. लीग आली नाहीच, तरीही तो महिना वाया गेला असे मला वाटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण खेड्याचे आहे. मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे म्हटले ते आपल्याला ठाऊक असते, पण भाषणांत सहसा कुणी उच्चारत नाही. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, अज्ञानाची आणि जातीयवादाची गुहा, अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचा आपल्याला आनंद आहे, असेही ते म्हणाले. ज्याने गावकुसाबाहेरचे जिणे पाहिले त्याने हे म्हणावे, यात नवल ते काय? सभागृहातल्या गांधीवादी सभासदांना मात्र ते झोंबले, कारण ग्रामस्वराज्याचा शब्द देऊन आलेल्या माणसांना ग्रामपंचायतीचा साधा उल्लेखही नसलेला मसुदा घेऊन परत जायचे नव्हते. त्यानंतर अठराव्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी ग्रामपंचायती संघटित करण्याची जबाबदारी राज्यावर टाकणारी सुधारणा मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. पुढे तेच कलम ४० झाले. खेड्याला जागा मिळाली, पण ती मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे जिथून न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही अशा भागात. दोन्ही बाजूंनी काही सोडले होते. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना खरा अधिकार दिला तेव्हा त्याच दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी राखीव जागाही आल्या. आज आमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत राखीव जागेवरची महिला सरपंच ग्रामसभेचे इतिवृत्त वाचून सही करते, त्या सहीत मला संथानम यांची आशा आणि बाबासाहेबांची शंका, दोन्ही एकाच ओळीवर दिसतात.

दुसरे उदाहरण अंकांचे. माझ्या वडिलांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. त्यांची हिशेबाची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात शेतसाऱ्याच्या रकमा उर्दू अंकांत, घरखर्च मराठी अंकांत आणि शेवटच्या पानांवर सोसायटीच्या कर्जाचे हप्ते, आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो त्या अंकांत लिहिलेले आहेत. अक्षर एकाच हाताचे. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत घटना समितीत राजभाषेवर वाद झाला, तेव्हा दक्षिणेकडचे सभासद हिंदी आणि देवनागरी लिपी मान्य करण्यापर्यंत आले होते, पण अंकही देवनागरीच हवेत हा पुरुषोत्तमदास टंडन प्रभृतींचा आग्रह त्यांना मानवत नव्हता. क. मा. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार या सभासदांच्या मुन्शी-अय्यंगार सूत्राने वाट काढली: संघराज्याची राजभाषा देवनागरीतली हिंदी, इंग्रजीचा वापर आणखी पंधरा वर्षे आणि अंकांचे रूप ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. हे शब्द सावकाश वाचावेत. हे अंक भारतातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेले, हा इतिहास त्या तीन-चार शब्दांत असा बसवला आहे की परक्याचे घेतले असे उत्तरेला वाटू नये आणि आपल्यावर लादले असे दक्षिणेला वाटू नये. देवनागरी अंकांसाठीही कलम ३४३ मध्ये एक खिडकी उघडी ठेवली. २०१६ साली पाचशेच्या नव्या नोटेवर देवनागरीत ५०० छापले गेले तेव्हा वाद न्यायालयापर्यंत गेला. इंग्रजीची पंधरा वर्षे कशी लांबत गेली हे सर्वांना माहीत आहे. त्यात मी शिरत नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो. ही सगळी देवाणघेवाण चालू असताना हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भाषेच्या त्या वादाच्या बरोबर वर्षभर आधी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला आपण मुक्त झालो. त्यानंतरही घटना समितीत आपला माणूस बसला नाही. निजामाने २३ नोव्हेंबर १९४९च्या फर्मानाने राज्यघटना स्वीकारली आणि तिसऱ्याच दिवशी ती मंजूर झाली. आपली घासाघीस त्यामुळे नंतर, मराठी मुलखांच्या एका राज्यासाठी पुढाऱ्यांत झालेल्या १९५३च्या नागपूर करारात झाली आणि १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित भागासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला, असे आपण व्यासपीठांवरून अभिमानाने सांगतो. अट न घालण्याचा हा अभिमान आणि तडजोड न केल्याचा वक्त्यांचा अभिमान मला एकाच घरातले वाटतात. विदर्भाने अधिवेशनाची अट घातली आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन ही राज्याची रीतच होऊन गेली.

बाबासाहेबांचे मोठेपण यामुळे कमी होते असे कुणी म्हणू नये. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितले आहे की ७,६३५ सुधारणा सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभागृहाला सतत छेडत राहिलेल्या सभासदांचेही त्यांनी नाव घेऊन ऋण मान्य केले, आणि त्या नावांत आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुखही आहेत.

पुढच्या २६ नोव्हेंबरला शाळांनी उद्देशिकेच्या सामुदायिक वाचनाबरोबरच समितीतला एका दिवसाचा वाद मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो. सुरुवात २२ नोव्हेंबर १९४८च्या इतिवृत्तापासून करावी. ग्रामपंचायतीच्या सुधारणेवर बाबासाहेबांचे उत्तर तिथे एका ओळीचे आहे: सुधारणा मला मान्य आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड